पगार कापला, आता मत कुणाला?

पत्र

आदरणीय सर,

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नोकरीला १९ वर्षं झाली. मागच्या वर्षी सरकारने तिजोरीत खडखडाट असल्याचं सांगून आमच्या पगारातून ८ टक्के कापायला सुरुवात केली. 'एक वर्षापुरतं' म्हणाले होते. आता दुसरं वर्ष निम्मं संपलं आणि निवडणूक तोंडावर आली आहे.

मी पहिल्या मतदानापासून याच सत्ताधारी पक्षाला मत देत आले. वडील त्या पक्षाचे कार्यकर्ते होते. आमच्या शाळेची प्रयोगशाळा याच सरकारच्या काळात झाली, हेही मी विसरलेले नाही. पण घराच्या कर्जाचा हप्ता भरताना दर महिन्याला जीव वरखाली होतो. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फिरतंय, 'जो कापेल पगार, त्याला दाखवा दार.' मतदान करून आल्यावर सगळ्यांनी बोटाचा फोटो टाकायचा आणि कुणाला दिलं तेही लिहायचं, असं ठरतंय. मिस्टर खासगी कंपनीत आहेत. ते म्हणतात, 'आमच्याकडे माणसंच काढली. तुमचा पगार निदान येतो तरी.' शाळेत एक तरुण शिक्षक कंत्राटी मानधनावर आहे. तो ग्रुपवर काही बोलायला गेला तर त्याला 'तुझा कुठे पगार कापलाय?' म्हणून गप्प केलं.

पगारासाठी मत फिरवलं तर मी स्वार्थी ठरते का? आणि नाही फिरवलं तर सहकाऱ्यांशी गद्दारी होते का?

– एक शिक्षिका

उत्तर

मॅडम,

तुमच्या पत्रातला 'स्वार्थी' हा शब्द मी दोनदा वाचला. व्यापारी कराकडे बघून मत देतो, शेतकरी भावाकडे बघून देतो, आणि त्यांना कुणी स्वार्थी म्हणत नाही. शिक्षकाने पगाराचं नाव काढलं की मात्र लगेच त्याला 'व्रत' आठवून दिलं जातं. मी ३३ वर्षं शिकवलं, त्यातली ११ वर्षं संघटनेचा खजिनदार होतो. व्रताची आठवण करून देणारे बहुतेक लोक ज्यांना पगार द्यावा लागतो त्यांच्या बाजूचे असतात, एवढं माझ्या लक्षात आलं आहे.

आता जरा अभ्यासाकडे वळू. डोनाल्ड किंडर आणि रॉडरिक किविट या दोन राज्यशास्त्रज्ञांनी १९८१ साली अमेरिकेतल्या मतदारांबद्दल एक गोष्ट मांडली. सामान्य मतदार मत देताना स्वतःच्या खिशापेक्षा देशाची आर्थिक स्थिती कशी आहे, हे जास्त बघतो. कारण सरळ आहे. स्वतःची नोकरी गेली तर माणूस मालकाला, बाजाराला किंवा नशिबाला दोष देतो. त्याचा माग थेट सरकारपर्यंत लावत नाही. तुमचं तसं नाही. तुमच्या पगाराच्या आदेशावर ज्याची सही आहे, तोच मत मागायला दारात येतो. तुमच्या मिस्टरांना त्यांच्या कंपनीचा मालक मतपत्रिकेवर सापडणार नाही, तुम्हाला तुमचा सापडतो. तेव्हा पे-स्लिप बघून मत देणं हा तुमच्या बाबतीत सरकारच्या कामाचाच हिशेब आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. स्वार्थी ठरत नाही.

पण मला काळजी दुसरीच आहे. तुम्ही रागावलेल्या आहात, आणि राग हिशेबाला फार कच्चा असतो.

१९८६ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं, की मंदीच्या दिवसांत, महागाई अजिबात नसताना एखाद्या कंपनीने पगार ७ टक्क्यांनी कमी केला, तर ते न्याय्य का? ६२ टक्के लोक म्हणाले, अन्याय आहे. दुसऱ्या गटाला विचारलं, महागाई १२ टक्के असताना कंपनीने फक्त ५ टक्के वाढ दिली तर? अन्याय म्हणणारे उरले २२ टक्के. गणित करून बघा, दोन्हीकडे माणूस साधारण तेवढाच गरीब होतो. पण एकीकडे आकडा खाली येतो, दुसरीकडे वर जातो. वर जाणारा आकडा दिसला की आपण शांत.

सरकारांना हे पक्कं ठाऊक असतं. भारतात केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता गोठवला. जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते अडकले, १८ महिने भत्ता १७ टक्क्यांवरच थांबला. जुलै २०२१ पासून तो २८ टक्के झाला, पण मधल्या काळाची थकबाकी मिळाली नाही. 'कपात' हा शब्द कुठेही न वापरता रक्कम गेली. ब्रिटनमध्ये २०११ पासून सरकारी नोकरांचे पगार दोन वर्षं गोठवले, त्यानंतर कित्येक वर्षं वाढीला १ टक्क्याची मर्यादा घातली. पगाराच्या कागदावर मूळ पगाराचा आकडा खाली आला नाही.

म्हणून एक काम करा. गेल्या १० वर्षांच्या पे-स्लिपा काढा. दर वर्षीच्या जानेवारीचा पगार एका वहीत लिहा आणि शेजारी त्या वर्षीची महागाई. (विज्ञानाच्या शिक्षिकेला तक्ता कसा आखायचा ते मी सांगायला नको.) यातली घट सध्याच्या ८ टक्क्यांआधी किती होती आणि ती कुणाकुणाच्या काळात झाली, ते बघा. कदाचित सगळं याच सरकारच्या खात्यावर निघेल. कदाचित असंही निघेल, की ज्यांना तुम्ही आता मत द्यायला निघालात त्यांनी त्यांच्या वेळी आवाज न करता याहून जास्त नेलं होतं. चोर दोन असतील, तर नुसतं दार वाजवून आत आलेल्याला तेवढं पकडून चालत नाही.

आता ग्रुपवरच्या घोषणेकडे येतो. 'त्याला दाखवा दार' हे यमक झकास आहे. पण एकाला दार दाखवलं की त्याच दारातून आत कोण येतं, हे त्या घोषणेत नाही. याबाबतीत मला कॅनडातल्या ओंटारियो प्रांताची गोष्ट नेहमी आठवते, आणि ती जरा सविस्तर सांगतो.

१९९० साली तिथे बॉब रे यांचा न्यू डेमोक्रॅटिक पक्ष १३० पैकी ७४ जागा घेऊन सत्तेवर आला. हा कामगार संघटनांचा हक्काचा पक्ष, म्हणजे घरचंच सरकार. मग मंदी आली, तूट वाढली, आणि १९९३ मध्ये याच सरकारने 'सोशल काँट्रॅक्ट' नावाचा कायदा आणला. सरकारी नोकर आणि शिक्षकांना वर्षाला १२ दिवसांपर्यंत बिनपगारी सुट्टी घ्यायला लावली. लोकांनी त्या दिवसांना मुख्यमंत्र्यांचंच नाव देऊन टाकलं, 'रे डेज'. संघटनांशी झालेल्या करारांना घरच्याच सरकारने हात घातला, हे संघटनांना जास्त झोंबलं. संघटनांमध्ये फूट पडली, अनेकांनी पक्षाचा हात सोडला. १९९५ च्या निवडणुकीत पक्ष ७४ वरून १७ जागांवर आला.

दार तर दाखवलं. आत आले दुसऱ्या पक्षाचे माइक हॅरिस. त्यांनी खर्चकपातीचा जाहीरनामाच छापून निवडणूक लढवली होती, कुणाला फसवलं नव्हतं. १९९७ मध्ये त्यांनी शाळांच्या पैशांचा आणि शिक्षकांच्या कामाच्या अटींचा ताबा स्थानिक शिक्षण मंडळांकडून प्रांत सरकारकडे घेणारा कायदा आणला. त्याच्या विरोधात सुमारे १ लाख २६ हजार शिक्षक दोन आठवडे वर्गाबाहेर राहिले. कायदा तरीही झाला. आणि १९९९ मध्ये हॅरिस पुन्हा निवडून आले. १२ बिनपगारी दिवसांचा राग धरलेल्या माणसांना त्या दोन आठवड्यांत काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

स्पेनमध्ये २०१० साली समाजवादी सरकारने सरकारी पगार सरासरी ५ टक्क्यांनी कापले. २०११ मध्ये लोकांनी त्यांना घालवून विरोधकांना स्पष्ट बहुमत दिलं. नव्या सरकारने २०१२ मध्ये सरकारी नोकरांचा डिसेंबरचा जादा पगार, म्हणजे वर्षाच्या १४ पगारांपैकी एक, रद्द केला. तो पुढे काही वर्षांनी परत दिला, पण त्या डिसेंबरात घरी काय सांगितलं असेल लोकांनी!

माझंही सांगतो. मी नोकरीत असताना एकदा आमच्या वेतनवाढी रोखल्या होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या पक्षाला मत दिलं, आणि एकट्याने नाही, आख्ख्या स्टाफरूमला द्यायला लावलं. सरकार बदललं. नव्यांनी थकबाकी 'टप्प्याटप्प्याने' देऊ असं जाहीर केलं. पहिला टप्पा आला. दुसऱ्या टप्प्याची फाइल मी निवृत्त होईपर्यंत 'विचाराधीन' होती. मला विरोधी उमेदवाराला एकच प्रश्न विचारायचा होता, तुम्ही कधी आणि कशातून देणार? तो मी विचारलाच नाही. आमच्यापेक्षा मोठ्या आवाजात चिडलेला माणूस दिसला आणि आम्ही त्यालाच आपला समजलो.

म्हणून मत फिरवायचं असेल तर खुशाल फिरवा, पण ज्याला देणार त्याच्याकडून आधी काहीतरी लेखी येऊ द्या. 'शिक्षकांना न्याय देऊ' असं जाहीरनाम्यात असेल तर त्याला शून्य गुण. '८ टक्के कपात अमुक महिन्यापासून थांबवू आणि कापलेली रक्कम अमुक पद्धतीने परत करू' असं असेल तर पुढचं वाचायला हरकत नाही. मग विचारा, पैसा कुठून आणणार? याला उत्तर देताना उमेदवार चिडला, तर तेही उत्तरच समजा.

हाच प्रश्न सत्ताधाऱ्यांनाही विचारा, कारण कापणं आणि अडवून ठेवणं यात फरक असतो. केरळ सरकारने २०२० मध्ये पाच महिने दर महिन्याला सहा दिवसांचा पगार अडवून ठेवायचं ठरवलं. शिक्षक संघटना चिडल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने स्थगिती दिली, मग सरकारने अध्यादेश काढला. भांडण चांगलंच पेटलं होतं. पण ती रक्कम पुढे ढकललेली होती, बुडवलेली नव्हती. ती भविष्य निर्वाह निधीत जमा करायचं नंतर ठरलं. मे २०२१ मध्ये तेच सरकार पुन्हा निवडून आलं. त्यात बाकीची कारणं भरपूर होती, पगार हे काही त्यातलं मोठं नव्हे. तरी तुमच्या सरकारने 'एक वर्षापुरतं' म्हटलं ते आदेशात लिहून होतं का, की मंत्री भाषणात बोलून गेले? आदेश शोधून वाचा. मुदत छापलेली असूनही ती मोडली असेल, तर ८ टक्क्यांपेक्षा ती मोडलेली मुदत मला जास्त गंभीर वाटते. पैशाची अडचण खरी असू शकते. दिलेली तारीख गुपचूप ओलांडायला कुठल्या अडचणीचं निमित्त लागत नाही.

ग्रुपवर असंही म्हणत असतील, की शिक्षकांनी ठरवलं तर सरकार पडतं. असं प्रत्येक ग्रुपवर म्हणतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात स्कॉट वॉकर या गव्हर्नरने २०११ मध्ये 'ॲक्ट १०' आणला. निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्याचा मोठा वाटा शिक्षकांच्या पगारातून जाऊ लागला आणि संघटनांचा वाटाघाटीचा हक्क जवळजवळ संपला. पोलीस आणि अग्निशमन दलाला मात्र यातून वगळलं, ही चतुराई ध्यानात घ्या. हजारो लोकांनी आठवडेच्या आठवडे विधानभवनात ठाण मांडलं. सह्या गोळा करून वॉकर यांना परत बोलावण्याची निवडणूक घडवून आणली. जून २०१२ मध्ये ती झाली आणि वॉकर ५३ टक्के मतांनी जिंकले. मतदानोत्तर चाचणीत असं दिसलं, की संघटित कामगारांच्या घरांतलीही तिसऱ्या हिश्शाहून जास्त मतं त्यांनाच पडली होती. ते हरले २०१८ मध्ये, तेही सुमारे १ टक्क्याच्या फरकाने, आणि हरवलं एका माजी शिक्षकाने, टोनी एव्हर्स यांनी. मधे सात वर्षं गेली. एव्हर्स आले तेव्हा विधिमंडळ दुसऱ्या पक्षाच्या हातात होतं, त्यामुळे तो कायदा लगेच हलला नाही.

आंध्र प्रदेशातलं उदाहरण तर मला फारच गमतीचं वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारने २३ टक्के फिटमेंट, म्हणजे नव्या वेतनश्रेणीत मूळ पगारावर द्यायची वाढ, जाहीर केलं. कर्मचाऱ्यांना अंतरिम वाढ आधीच २७ टक्के मिळत होती, शिवाय घरभाडे भत्त्यालाही कात्री लागली. पगार 'वाढवून' कमी कसा करावा, याचा हा नमुना. ३ फेब्रुवारीला विजयवाड्याचे रस्ते भरून गेले, त्यात शिक्षक मोठ्या संख्येने होते. १३ महिन्यांनी विधान परिषदेच्या निवडणुका झाल्या. पदवीधरांच्या तिन्ही जागा सत्ताधाऱ्यांनी गमावल्या, आणि जिथे फक्त शिक्षकच मत देतात त्या दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्याच उमेदवारांनी जिंकल्या! पुढे २०२४ मध्ये तो पक्ष विधानसभेत १५१ वरून ११ वर आला ते वेगळं. तोवर बाकीचा मतदारही फिरला होता.

सांगायचं एवढंच, की शिक्षक म्हणून एकगठ्ठा मत असं काही नसतं. मोर्चात बरोबर चालणारी माणसं मतदानाच्या खोलीत जात, घर, वडिलांचा पक्ष, स्थानिक उमेदवाराची ओळख, मुलाची नोकरी असं सगळं घेऊन एकटी जातात. तुम्हीही तशाच जाणार आहात. प्रयोगशाळेची आठवण बरोबर नेलीत तर ती गद्दारी नव्हे. हिशेबात ज्याने जे दिलं तेही लिहावंच लागतं. लाटव्हियात २००९ मध्ये शिक्षकांच्या पगारांना जबर कात्री लागली. वर्षभराने, ऑक्टोबर २०१० मध्ये, त्याच पंतप्रधानांची आघाडी १०० पैकी ३३ जागा घेऊन पहिली आली. देश बुडत होता, पर्याय काय आहे हे लोकांना दिसत होतं, आणि त्यांनी तसा निर्णय घेतला. तो बरोबर होता का, यावर तिथे आजही दोन मतं निघतील.

बोटाचा फोटो टाकायचा तर टाका, शाई सगळ्यांच्या बोटाला सारखीच लागते. कुणाला दिलं ते मात्र लिहू नका. आणि मी लिहिणार नाही, असं आधीच ग्रुपवर सांगा. हवं तर त्यांना विचारा, उद्या मुख्याध्यापकांनी किंवा संस्थाचालकांनी हेच लिहून मागितलं तर आपण काय म्हणणार आहोत? गुप्त मतदान हे आपल्यासारख्या पगारदारांसाठीच फार मोठं संरक्षण आहे. ग्रुपवरच्या चार शाबासक्यांसाठी ते आपल्या हाताने मोडू नये. मत न सांगण्याला कुणी गद्दारी म्हटलं, तर म्हणू दे. गद्दारीचं म्हणाल तर मी ती संघटनेची वर्गणी न भरण्यात बघतो, पण ही खजिनदाराची जुनी खोड.

मिस्टरांशी वाद घालू नका. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि तुमचंही. त्यांच्याकडे माणसं काढली याने तुमच्याकडची मोडलेली मुदत भरून निघत नाही. मात्र तुम्ही पगाराबद्दल बाहेर कुठे बोलाल, तेव्हा समोर त्यांच्यासारखेच लोक बसलेले असतील. त्यांना 'आमचा पगार' ऐकू येणार नाही. विज्ञानाचे शिक्षक नोकरी सोडून जाताहेत, जागा भरल्या जात नाहीत, तुमच्या मुलाचा तास रिकामा जातो, हे ऐकू येईल, जर ते तुमच्या शाळेत खरोखर घडत असेल तर. नसेल तर सांगू नका.

आता तुमच्या पत्रातला तो तरुण. तुम्ही त्याचं दोन वाक्यांत उरकलंत, आणि मला तिथेच जास्त वेळ थांबावंसं वाटलं. आयर्लंडमध्ये २००९ आणि २०१० मध्ये सरकारी पगारांना लागोपाठ दोनदा कात्री लागली. शिवाय २०११ पासून नव्याने लागणाऱ्या शिक्षकांची वेतनश्रेणीच १० टक्क्यांनी खाली आणली. फेब्रुवारी २०११ च्या निवडणुकीत सत्ताधारी फियाना फॉल पक्ष सत्तरच्या वरून २० जागांवर आला. नव्या आघाडीचे पंतप्रधान एन्डा केनी स्वतः कधीकाळी प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्याच सरकारने २०१२ मध्ये नव्या शिक्षकांचे भत्तेही काढले. त्या सरकारातला मजूर पक्ष पुढच्या निवडणुकीत ३७ वरून ७ वर आला. सरकारं आली नि गेली, पण एकाच स्टाफरूममध्ये एकाच कामाचे दोन पगार हा प्रकार वर्षानुवर्षं तसाच राहिला. तो हलू लागला तो आत असलेल्यांनी नव्यांचं भांडण आपलं म्हणून घेतल्यावर.

कापायला सगळ्यात सोपा पगार तो, जो अजून कुणाच्या हातात पडलेला नाही. त्याला मतदार नसतो, त्याची पे-स्लिप नसते, त्यामुळे रागही नसतो. तुमचा ८ टक्के कापलेला पगार त्या मुलाच्या मानधनाच्या किती पट आहे, हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. 'तुझा कुठे कापलाय?' या प्रश्नाचं खरं उत्तर, 'माझा कापूनच दिला', असं आहे. उमेदवारासमोर जाल तेव्हा त्याला बरोबर न्या आणि मागणीच्या कागदावर त्याची ओळ तुमच्या ओळीच्या वर लिहा. ग्रुपवर आरडाओरडा होईल. काय म्हणतात ते मला कळवा, आणि तो वहीतला तक्ता पूर्ण झाला की तोही पाठवा.

– सर